लासूर स्टेशन ते म्हैसमाळ : एकदिवसीय कौटुंबिक सहलीची आचारसंहिता

श्रावण लागला, दोन बऱ्या सरी झाल्या आणि शिवनेला गढूळ पाणी आलं की लासूर स्टेशनच्या प्रत्येक घरात कोणीतरी एक जण चहा पिता पिता म्हणतो, "औंदा म्हैसमाळला जाऊ." हा माणूस ओळखून ठेवावा. सहलीच्या दिवशी तो ड्रायव्हरशेजारी बसणार असतो आणि 'जाऊ' म्हणण्याचं त्याचं काम आजच संपलेलं असतं. पुढील सूचना उरलेल्यांसाठी आहेत.

आधी स्थळाची ओळख. म्हैसमाळला मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात. महाबळेश्वरचे लोक आपल्या गावाला साताऱ्याचं म्हैसमाळ म्हणत नाहीत, हे मनाला लावून घेऊ नये. उंची १०६७ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फूट. आपण समुद्रकिनाऱ्यावरून निघत नसल्याने प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपासच चढतो. फोटोखाली मात्र पूर्ण आकडा टाकावा.

दुसरी आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे वार ठरवणे. यासाठी घरातली वडीलधारी मंडळी, भिंतीवरचं कॅलेंडर आणि भरपूर वेळ लागतो. सोमवार नको, कारण श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची रांग पार रस्त्यापर्यंत येते. मंगळवारी वेरूळची लेणी बंद. लेणी बघायची नसतात, पण ती बंद आहेत म्हटल्यावर आतेभावाला बघायची असतात. गुरुवारी सुलीभंजनला दत्ताची गर्दी. शुक्रवारी आत्याचा उपास, आणि उपासाचं वेगळं करून न्यायला कोणाला सवड नाही. शनिवारी तर खुलताबादचं नावच काढू नये; श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत भद्रा मारुतीला येतात. राहिला बुधवार. बुधवारी रस्ता मोकळा, डोंगर मोकळा, चहावाला गप्पा मारायलाही मोकळा. पण बुधवारी शाळा असते, बँक असते, दुकान असतं. सबब सर्वानुमते रविवार ठरवावा. रविवारी सगळं संभाजीनगर म्हैसमाळावर असतं, हे सर्वांना आधीपासून ठाऊक असतं.

वाहनाबाबत. गावाच्या नावातच स्टेशन असल्यामुळे रेल्वेने जाण्याची सूचना दरवर्षी येते आणि ती बहुधा आण्णांकडून येते. निजामाच्या अमदानीत मनमाड-सिकंदराबाद लाइन टाकणाऱ्यांनी डोंगर टाळून सपाटीवरून रूळ नेले. गाडी पोटूळ, दौलताबाद करत सरळ संभाजीनगरला जाते. म्हैसमाळचा तिला पत्ताच नाही. दौलताबादला उतरून पुढे काय, असं विचारलं की आण्णा म्हणतात, "पुढचं पुढं." सूचनेची नोंद घेऊन क्रूझर सांगावी. माणसं मोजताना पोरं धरू नयेत, कारण ती मांडीवर बसतात. आणि कॉलेजातली मुलगीसुद्धा या हिशेबात पोरच असते. मोबाइलवर रस्ता लावणाऱ्याने 'लासूर' एवढंच टाकू नये. चोपडा तालुक्यातही एक लासूर आहे आणि मोबाइल फार विचार करत नाही. तसा रस्ता सगळ्यांना पाठ आहे : कसाबखेडा, वेरूळ, खुलताबाद आणि वर. तरीही लावावा, म्हणजे मोबाइलमधल्या बाईशी वाद घालत जाता येतं.

आता शिदोरी. याबाबत पुरुषमंडळींनी फक्त एक वाक्य बोलायचं असतं, "जास्त काही करू नका, साधंच घ्या." साधं म्हणजे धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दही, लोणचं, पोरांना वेगळी भाजी-पोळी आणि वर चिवडा. धपाटे आदल्या रात्री करून चालत नाहीत, चिवट होतात. म्हणून पहाटे चारला उठून ज्वारीच्या पिठात बेसन, थोडी कणीक, कांदा, वाटलेला लसूण, तीळ, ओवा मळायचा. पोळपाटावर ओलं फडकं पसरून त्यावर गोळा थापायचा, मधोमध बोटाने भोक पाडायचं, फडकं उचलून धपाटं तव्यावर उलटं टाकायचं आणि भोकात तेल सोडायचं. माणशी चार धरावेत. 'मला भूक नाही' म्हणणाऱ्या मेहुण्याला सहा. ही कृती साठ-सत्तर वेळा केली की उजाडतं. सहा वाजता उठलेला माणूस आंघोळ करून दारात उभा राहतो आणि विचारतो, "आवरलं का नाही अजून?" या प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत नाही.

निघण्याची वेळ सात सांगावी, म्हणजे नऊला गाडी हलते.

मार्गातील देव चुकवू नयेत. वेरूळला घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आपल्या रस्त्यावर असताना नुसता हात जोडून पुढे गेल्यास आत्या परतीपर्यंत बोलत नाही. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. तेव्हा भोकं पडलेल्या बनियनबाबतचा निर्णय घरीच घ्यावा. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं, ही माहिती रांगेत दर पंधरा मिनिटांनी वेगवेगळ्या नातेवाइकाकडून मिळत राहील. लेण्यांकडे वळू नये. एकूण चौतीस आहेत आणि सोळा नंबरचं कैलास अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून केलेलं आहे, पण आपण ती पाचवीत शाळेच्या सहलीत पाहिली आहेत, आणि त्यानंतर त्यात नवं काही कोरल्याचं ऐकिवात नाही. पावसाळ्यात एकोणतीस नंबरच्या लेण्याजवळ मोठा धबधबा पडतो. जगभरची माणसं तो बघायला येतात, तेव्हा आपली गाडी घृष्णेश्वराच्या पार्किंगमधून रिव्हर्स निघत असते.

खुलताबादला भद्रा मारुती. इथला मारुती निद्रिस्त आहे. त्याला बघून घरातल्या तिघांना झोप येते, ती त्यांनी गाडीत आवरावी. तिथून सुलीभंजन. एकनाथ महाराजांनी इथे तप केल्याचं सांगतात. वर एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की धातूसारखा वाजतो. पोरं तो वाजवत बसतात आणि मागे रांग लागते. अशा रीतीने तीन देव करायचे ठरले असल्यास म्हैसमाळच्या वाट्याला दुपारचे तीन येतात. ते पुरेसे आहेत.

खुलताबादपासून बारा किलोमीटर घाट. खिडकीतून हात काढून धुकं पकडणाऱ्यांना रागवावं, मग आपणही काढावा. वर पोचल्यावर गिरिजामातेचं दर्शन, बालाजीचं दर्शन. दूरदर्शनचा मनोरा धुक्यात अर्धा दिसतो. आण्णा त्याकडे बघून जुन्या अँटेनाची गोष्ट सांगतील, ती ऐकावी. माळावर तेरडा फुलला असेल तर तो तुडवून फोटो काढणारे शंभर जण आधीच असतात. आपण कडेने चालावं. माकडांसमोर पिशवीची गाठ सोडू नये. त्यांना धपाट्याचा वास कसाबखेड्यापासून आलेला असतो.

यानंतर मुख्य कार्यक्रम. सगळ्यांनी कड्यावर जाऊन दरीकडे बघावं आणि कोणीतरी विचारावं, "आपलं लासूर कुठंशी आलं?" घर सोडून, वर्गणी काढून, घाट चढून आलेली माणसं अर्धा तास आपलंच गाव शोधतात. एक जण पत्र्याची चकाकी दाखवून म्हणतो, ते मार्केट यार्ड. दुसरा म्हणतो, ते तर देवगाव रंगारी. तेवढ्यात धुकं येतं आणि दोघंही बरोबर ठरतात. भाजलेलं कणीस खावं, लिंबू-मीठ जास्त मागावं, जागा सापडेल तिथे सतरंजी टाकावी. वाढायला वहिनी आणि मोठ्या काकू आपोआप उभ्या राहतात. त्यांची पाठ दरीकडे असते, कारण पंगतीचं तोंड दरीकडे करायचं असतं. त्या जेवायला बसेपर्यंत पाऊस येतो.

खाली उतरताना सगळे झोपतात, ड्रायव्हर सोडून. त्याच्याशी बोलत राहण्याची जबाबदारी पुढच्या सीटवरच्या माणसाची असते. तो सर्वांत आधी झोपतो. घरी पोचल्यावर पुरुषांनी "आता काही करू नका, पिठलं-भात चालेल" म्हणावं.

हिशेब दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा : क्रूझरचं भाडं, पार्किंग, कणसं, चहा, नारळ. यात धपाट्यांचा आकडा धरत नाहीत. मागच्या सहलीनंतर हिशेबाखाली वहिनींनी एक ओळ लिहिली : पुढच्या वेळी 'जाऊ' म्हणणाऱ्याने पहाटे चारला उठून फडक्यावर पहिले वीस धपाटे थापावेत, मग वार ठरेल. ओळीसमोर निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या आहेत. उत्तर फक्त आण्णांचं आहे, रेल्वेने गेलो तर डबा विकत मिळतो का ते बघावं म्हणून.