मृग दाखवावा थंडीत

रत्नागिरीत नक्षत्रं ठाऊक नसलेला माणूस मिळणार नाही. मृग कधी लागतो, आर्द्रा कोरड्या गेल्या तर लावणीचं काय होतं, पुनर्वसूचं वाहन यंदा म्हैस की गाढव, हे शेंबडं पोरही सांगेल. फक्त ही मंडळी आकाशात राहतात, हे कुणाच्या खिजगणतीत नसतं.

म्हणून जानेवारीत एका रात्री जेवणं आटोपल्यावर आत्याला खळ्यात उभं केलं आणि वर बोट दाखवलं. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये तिरक्या रेघेत तीन.

"आत्ये, हा मृग. ते चार त्याचे पाय, हे तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण."

आत्याने मान वर करून नीट बघितलं. "हा मृग? मग पाऊस कुठाय?"

प्रश्न बिनतोड होता. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात शिरतो. मग मृग सूर्याबरोबरच उगवणार आणि त्याच्याबरोबरच मावळणार. अख्खा जिल्हा ज्याच्या नावाने आभाळाकडे डोळे लावतो, तो नेमका तेव्हाच दिसत नाही. ढग नसले तरीही.

"हवा तेव्हा जागेवर नाही," आत्या म्हणाली. "तलाठी होता की काय पूर्वी?"

तरी नवशिक्याने सुरुवात मृगापासूनच करावी. बाणाची रेघ खाली लांबवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. उलट नेली की तांबूस रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. एका बाणात तीन पक्षी.

वेदांच्या काळी वसंतसंपात मृगात होता असं 'ओरायन'मध्ये (1893) मांडणारे लोकमान्य याच गावात 1856 साली जन्मले. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तर आपल्या पुस्तकाचं नावच ठेवलं 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे 48 मिनिटं. आत्याने त्यातली पाचच दिली. विरजण लावायचं राहिलं होतं.

खरी अडचण माडांची. रत्नागिरी 17 अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून 17 अंशच वर. हात ताणून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची. म्हणजे पुऱ्या दोन मुठीही नाहीत. दक्षिणेचा अगस्त्य फार तर 20 अंशांपर्यंत चढतो. सड्यावर गेलं तर दोघेही मोकळे दिसतात. आमच्या खळ्यातून ध्रुव उत्तरेच्या शेजाऱ्यांच्या माडांआड आणि अगस्त्य दक्षिणेच्या.

विरजण लावून आत्या परत आली, तेव्हा तिला हे सांगितलं. दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी गडग्यावरून आमचा जुना दावा आहे.

"आपला अगस्त्य अडवलाय त्यांनी?" ती म्हणाली. "उद्याच वकिलाला फोन कर. दाव्यात घाल म्हणावं."