‘काय पाहिजे?’ विचारू नका

नाशिक रोडला प्रदर्शन कुठलंही असो, बचत गटांचं, हातमागाचं की दिवाळीच्या वस्तूंचं. स्टॉलसमोर पाय थबकतो न थबकतो तोच प्रश्न येतो: ‘काय पाहिजे?’ महागाईनं घालवली नसतील इतकी गिऱ्हाइकं या प्रश्नानं घालवली आहेत. मुक्तिधामचं दर्शन घेऊन निघालेला किंवा नोटांच्या प्रेसची ड्यूटी संपवून घरी चाललेला माणूस सहज आत डोकावतो. काय पाहिजे, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. प्रश्न आला की तो अवघडतो, ‘फेरी मारून येतो’ म्हणतो. ती फेरी थेट गेटबाहेर संपते.

दोष स्टॉलवरच्या ताईचा नाही. तिला माल पॅक करायला शिकवलं, लेबल लावायला शिकवलं, क्यूआर कोड काढून दिला. बोलायचं काय, ते कुणी सांगितलंच नाही. वर तिला टेबलामागे, मालाच्या ढिगाआड खुर्चीत बसवलं. मग ती मोबाइल बघते. दुसरं करणार काय?

येवल्याच्या विणकराचा स्टॉल घ्या. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बोर्ड मागे लटकलेला असतो आणि साड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असतात. बोर्ड वाचून कुणी साडी घेत नाही. पिशवी काढा, पदर पसरा, समोरच्या बाईच्या हातात द्या आणि म्हणा, ‘ताई, जरा उलटा करून बघा.’ अस्सल हातमागाच्या पदरावर मोर सुलट बाजूला जसा, तसाच उलट बाजूला दिसतो. नक्षीतला एकेक रंग वेगवेगळ्या टिल्लीनं, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांडीनं, हातानं गुंतवत भरलेला असतो, म्हणून. यंत्रमागाच्या सेमी पैठणीला मागून सुटे, कापलेले धागे दिसतात. एवढं दाखवायला दहा सेकंद पुरतात. त्या दहा सेकंदांत साध्या काठपदराला आठवडे का लागतात, भरगच्च पदराला महिने का जातात आणि किंमत एवढी का, हे तिला न सांगता कळतं. घासाघीस अर्ध्यावर येते. ती आज घेणार नाही कदाचित, पण लग्नसराईत नंबर शोधून फोन करील. तेव्हा नंबर लिहिलेलं कार्ड तिच्या पर्समध्ये असायला हवं.

पेठ-सुरगाण्याकडची मंडळी वारली चित्रं आणतात. चित्रं फ्रेममध्ये, काचेआड, शेजारी ‘हात लावू नये’ची पाटी. आणि ज्या हातांनी ती काढली ते हात मांडीवर रिकामे! तिथे गेरूनं सारवलेला एक पुठ्ठा ठेवा, तांदळाच्या पिठाची वाटी ठेवा, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी ठेवा आणि चित्र काढायला बसा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. शाळकरी पोर हे बघितल्याशिवाय हलणार नाही, आणि पोर थांबलं की आई-बाप थांबतात. पोराच्या हातात काडी द्या. त्यानं काढलेला वेडावाकडा माणूस घरी न्यायला वीस-तीस रुपये देताना कुठलाही बाप कुरकुरत नाही, आणि तेवढ्यात आईची नजर मोठ्या चित्रावर गेलेली असते.

काम चालू असलेले हात दिसले की गर्दी आपोआप थांबते. आमच्या आयोजकांना हे समजत नाही, याचा मला संताप येतो.

जेल रोडवर नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह आहे. बंदिवानांनी बनवलेल्या वस्तू तिथल्या विक्री केंद्रात मिळतात. गणपतीच्या आधी तिथली शाडूची मूर्ती घ्यायला लोक आवर्जून जातात. मूर्ती घडवणारा भिंतीच्या आत आहे, गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलू शकत नाही. तरी त्याचे हात कशात गुंतले होते, एवढी माहितीच माणसाला तिथवर ओढून नेते. आणि इथे, भर प्रदर्शनात, घडवणारी बाई समोर हजर असताना तिचा आवाज ऐकू येत नाही, कारण स्टेजवर सत्कार चालू असतो आणि स्टॉलच्या डोक्यावर कर्णा असतो!

स्टेजला निम्मा मांडव आणि कारागिराला सहा फूट. छोटा माग लावायला जागा नाही, दिव्याला प्लग नाही. उद्घाटनाला पाहुणे येतात, पहिल्या दोन स्टॉलवर फोटो काढतात आणि जातात. मागच्या रांगेतल्या बाईची संध्याकाळपर्यंत भवानी होत नाही. गाडीभाडं, जेवण, राहणं खर्चून ती परत जाते आणि पुढच्या वर्षी येत नाही. मग त्या जागी मुंबईच्या घाऊक बाजारातून आणलेल्या पर्स आणि खोटे दागिने लागतात. बोर्डावर मात्र ‘हस्तकला’च लिहिलेलं राहतं. ही लोकांची फसवणूक आहे.

2027 चा सिंहस्थ समोर आहे. रेल्वेनं येणारे अनेक भाविक नाशिक रोडला उतरणार, आणि पाठोपाठ प्रदर्शनांचे मांडवही पडणार. आयोजकांनो, आत्ताच ठरवा. स्टॉल देताना विचारा, हे स्वतः बनवता का? हो म्हणणाऱ्याला पुढची रांग द्या, काम करायला जागा आणि एक प्लग द्या. संध्याकाळी गर्दीच्या दोन तासांत माइक बंद ठेवा. ताई-दादांनो, खुर्ची टेबलाच्या पुढे घ्या, अर्धवट झालेली वस्तू हातात असू द्या. माणूस जवळ आला की मान वर करा, हसा आणि आपलं काम चालू ठेवा. विचारायचं ते तोच विचारील.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी गेलात की ‘केवढ्याला?’च्या आधी ‘कसं केलंत?’ एवढं विचारा.