पाणी कुणीकडे वाहतं? बहुमताने ठरवा

आमच्या एव्हरशाईन सिटीत हवेची चौकशी सगळेच करतात. गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला डम्पिंग पेटलं की खिडक्या धडाधड लागतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर धुराचे फोटो पडू लागतात. धुराचा स्वभाव तसा सरळ, तो दिसतो तरी. त्याच ढिगातून पावसाळ्यात जो काळा रस जमिनीत उतरतो, त्याचा फोटो निघत नाही. आणि जे ग्रुपवर पडलं नाही ते वसईत घडलेलंच नसतं.

सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तो आरओ विकायला आलेल्या पोरामुळे. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आपल्या मशीनचं पाणी, दुसऱ्यात आमच्या बोअरचं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबलं. बोअरचं पाणी बघता बघता मातकट हिरवं झालं, वर साय धरली. सभागृहाने श्वास रोखला. क्षार असले की वीज वाहते आणि तो रंग सळीच्या लोखंडाचाच असतो, हे केमिस्ट्रीच्या निवृत्त मास्तरांनी सांगून पाहिलं. पण तोवर चार सभासदांनी हप्त्यांची चौकशी सुरू केली होती.

मग टीडीएस मीटर बाहेर आला. पाचशेच्या आत आकडा म्हणजे पाणी चांगलं, एवढं ज्ञान आता घरोघरी आहे. मास्तर म्हणाले, ‘‘अहो, हा मीटर डोकी मोजतो, तोंडं ओळखत नाही. मीठ विरघळलंय की कॅडमियम, त्याला दोन्ही सारखंच.’’ ‘‘पण आकडा तर येतो ना?’’ खजिनदार म्हणाले.

तोंडं ओळखायची सोय सरकारने कागदावर चोख केली आहे. 2016 च्या घनकचरा नियमांत भरावभूमीच्या, म्हणजे शास्त्रशुद्ध लँडफिलच्या, हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं होतं. शिसं, आर्सेनिक, नायट्रेट, क्लोराइड. पारा तर लिटरमागे 0.001 मिलिग्रॅमच्या वर नको. तळाला 90 सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक, भूजलाची सर्वांत वरची पातळी मातीच्या थराखाली किमान 2 मीटर. भरावभूमी बंद झाल्यावरही 15 वर्षं पाळत. वाचून ऊर भरून येतो. फक्त हे झालं भरावभूमीचं. डम्पिंग ग्राउंड ही वेगळी चीज. तिथे आधी कचरा पोचतो, नियम मागाहून पत्ता विचारत येतात. गोखिवऱ्याच्या पाण्याचे अहवाल आमच्या ग्रुपवर तरी अजून कुणी फॉरवर्ड केलेले नाहीत. गुड मॉर्निंगमधून जागा मिळाली तर येतीलही.

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी अशाच नासल्या, तेव्हा महापालिकेला गावात टँकर पाठवावे लागले. कचराही पालिकेचा, टँकरही पालिकेचा. आमच्याकडे टँकर आधीपासूनच असल्याने तेवढा वेळ वाचेल. एकेकाळी याच तालुक्यात ‘हरित वसई’चा झेंडा घेऊन फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर माणसं टँकरच्या उपशाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. विहिरींचं आणि बावखळांचं, म्हणजे तळ्यांचं, पाणी कुठे चाललंय, याचा त्यांना हिशेब हवा होता. आता ते येतं कुठून हे टँकरवाल्याला विचारणं असभ्य समजतात. फार तर वेळेवर येशील ना, एवढंच विचारायचं.

मास्तर काही सोडेनात. पाण्याची दिशा काढायला किमान तीन बोअर लागतात, तेही एका रेषेत नकोत. तिन्हींतली पातळी एकाच उंचीच्या खुणेवरून मोजायची, मग उतार कळतो. एक बोअर कचऱ्याच्या वरच्या अंगाला, तुंगारेश्वराकडे. निदान दोन खालच्या अंगाला. वरच्याचं पाणी स्वच्छ आणि खालच्यांत क्लोराइड वाढलेलं, की समजायचं पाहुणे निघालेत. त्यात आपला खडक बेसॉल्टचा. पाणी फटींतून वाट काढतं, त्यामुळे तिनांवरही फार विसंबता येत नाही.

‘‘तीन?’’ खजिनदारांनी रंगकामाचा फंड उघडून दाखवला. एकच परवडेल असं ठरलं. तोही गेटजवळ, म्हणजे वॉचमनला लक्ष ठेवता येईल. खणलाच आहे तर मोटर बसवावी, अशी उपसूचना आली. पाणी लागलं तर टाकीत सोडावं, नाही लागलं तर त्याला निरीक्षण विहीर म्हणावं. उपसूचना टाळ्यांत मंजूर.

राहिला प्रश्न दिशेचा. एका बोअरवरून ती कळत नाही, हे मास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. चहा निवत होता, म्हणून सेक्रेटरींनी मतदान घेतलं. गोखिवऱ्याकडून येणारं पाणी आमच्या कंपाउंडपाशी वळून पलीकडच्या सोसायटीखाली जातं, असा ठराव एक विरोधी मत सोडता सर्वानुमते संमत झाला. पलीकडच्यांनी मागच्याच रविवारी नेमका उलटा ठराव केल्याचं दुसऱ्या दिवशी समजलं. त्यांच्या सभेला कोरम नव्हता, तेव्हा तो प्रवाह बेकायदेशीर आहे, असं पत्र आमचे सेक्रेटरी आज त्यांना पाठवत आहेत.