त्या हत्तिणीचं काय, डॉक्टर?

मा. डॉ. हकीम,
लेखक व स्वतःच पुस्तक, मुक्काम 'इट टेक्स टू' हा व्हिडिओ गेम

सा. न. वि. वि.

आपली कीर्ती थोर. स्टॉकहोमच्या हेझलाइटने २०२१मध्ये आपल्याला पडद्यावर आणलं आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये आपला खेळ वर्षातला सर्वोत्तम ठरला. दिग्दर्शक जोसेफ फारेस यांनी एकट्याने खेळायची सोयच ठेवली नाही, हेही उत्तम. एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याने 'फ्रेंड्स पास'वर फुकट खेळायचा. आमच्याकडे विकत मी घेतला. फुकटचे सल्ले नवऱ्याकडे.

घटस्फोटाला निघालेले कोडी आणि मे त्यांच्या पोरीच्या, रोझच्या, अश्रूंनी बाहुल्या होतात, तो मातीचा, ती लाकडाची. मग आपण टपकता, कंबर हलवता आणि 'कोलॅबोरेशन!' म्हणून ओरडता. लग्नघरातले काका वधूवरांना 'जरा हसा की!' म्हणतात ना, अगदी तसे.

कोलॅबोरेशन म्हणजे काय, तेही कळलं. कोडी झालेल्या नवऱ्याने भिंतीत खिळा मारायचा, मी हातोड्याच्या आधाराने त्या खिळ्याला लटकून झोका घ्यायचा. मी अधांतरी असताना हा शीळ घालून खिळा परत बोलावतो आणि वर विचारतो, "पडलीस कशी?" चालायचंच. एकजूट शिकवता शिकवता मध्येच एकमेकांना हरवायचे चिमुकले सामने कशाला, हेही मी विचारत नाही.

पण काल आम्ही त्या हत्तिणीपाशी पोचलो.

क्यूटी. रोझचं सगळ्यात लाडकं खेळणं. आपल्या किल्ल्याची राणी, आम्हाला बघून केवढी खूश झाली! आणि आमच्या कोडी-मे यांचा बेत काय, तर हिला मारायचं, म्हणजे रोझ रडेल आणि आपण पुन्हा माणसं होऊ. ती गयावया करतेय आणि आम्ही दोघं तिला फरफटत कडेला नेतोय. कापड फाटतंय. बटण दाबायचं थांबवलं की खेळ थांबतो. नवऱ्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला, म्हणाला, "तू कर." मी म्हटलं, "तू कर." अखेर दोघांनी केलं. रोझ ढसाढसा रडली आणि जादू काही उतरली नाही!

तेव्हा आपण कुठे होतात, डॉक्टर? खिळ्यापायी आमच्या कानाशी ओरडणारे आपण, तेव्हा एक शब्द नाही? आईबापांनी पोरीला मुद्दाम रडवायचं, स्वतःच्या सुटकेसाठी? आणि ते आमच्या हातून करून घ्यायचं? लाज वाटायला हवी कुणाला तरी!

तरीही आपली दया येते. एका पोरीने आई-बाबांना पुन्हा एकत्र आणा म्हणून साकडं घातलं आणि आपण कामाला लागलात. समोरचे दोघे सुरुवातीला एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, आपली जाहीर टिंगल करतात. तरी आपण पुन्हा कंबर हलवत हजर. मानधन नाही, आभार नाहीत. घरोघरी ही मध्यस्थी पोरंच करतात; रोझने निदान ती पुस्तकावर सोपवली.

म्हणून एकच मागणं. पुढचा कुठलाही खेळ काढाल तेव्हा त्या कड्यापाशी 'नाही' म्हणायचं एक बटण ठेवा. ते आम्ही दोघांनी एकाच वेळी दाबलं असतं.

कळावे.

आपली,
मे खेळणारी