बटण बंद करू नका

जोडणीकर हे आडनाव नव्हे, जमात आहे. या जमातीचा माणूस कोथरूडच्या टू बीएचकेत सापडतो, तसा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही. ओळखायची खूण सोपी आहे. पाहुण्याला पाणी विचारण्याआधी तो म्हणतो, "तेवढं बटण बंद करू नका हं."

आपला जोडणीकर कोथरूडचा. सुरुवात झाली फिलिप्स ह्यूच्या एका बल्बने. मग दाराचा सेन्सर दुसऱ्या कंपनीचा, कारण स्वस्त. सिंकखालचा गळतीचा सेन्सर तिसरीचा, कारण सेलमध्ये होता. सगळ्यांच्या खोक्यावर झिगबी या बिनतारी भाषेचं नाव लिहिलेलं, म्हणजे मंडळी एकाच कुळातली. पण प्रत्येक कंपनीचा डबा, म्हणजे हब, आपलं जाळं वेगळं मांडतो. एका डब्याचा बल्ब दुसऱ्याच्या सेन्सरचा निरोप पुढे नेत नाही. घर एक, चुली तीन. अशी भाऊबंदकी कोकणातल्या सामाईक विहिरीवरही नसेल.

शेवटी जोडणीकराने तिन्ही डबे माळ्यावर टाकले आणि होम असिस्टंट चालवणारा एक छोटा संगणक आणून सगळ्यांना एकाच पंगतीला बसवलं. संगणकाला लावलेला झिगबीचा डोंगल मात्र देवघरामागून दीड मीटर वायरला लोंबकळतो. यूएसबी ३.० च्या पोर्टमुळे २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. आईंना ते सांगून उपयोग नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की गणपतीच्या मागे शेपूट दिसतं.

त्याच पट्ट्यात वायफाय आणि मायक्रोवेव्हही नांदतात. वायफायचा ११ नंबरचा चॅनल आणि झिगबीचा ११ नंबरचा चॅनल मात्र एक नव्हेत. झिगबीचा ११ येतो वायफायच्या १ खाली. हे तो भाजी निवडणाऱ्या बायकोला समजावतो. ती "हं" म्हणते आणि देठ मोडते.

भाच्याने अमेरिकेहून हौसेने झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी भाषेचं कुलूप आणलं. तिथे ते ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, इथल्या झेड-वेव्हची वारंवारता ८६५ च्या घरात. कुलूप आता पेपरवेट आहे. चांगलं जड आहे.

पण जोडणीकराचा खरा सामना आईंशी. झिगबीच्या जाळ्यात विजेवर चालणारी उपकरणं टपालवाल्याचं काम करतात, सेलवरचे सेन्सर नुसते झोपा काढतात आणि निरोप द्यायलाच जागे होतात. जोडणीकराच्या घरात बहुतेक टपालवाले म्हणजे बल्ब. आणि रिकाम्या खोलीतला दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करणं हा आईंचा पन्नास वर्षांचा संस्कार. त्यांनी पॅसेजचं बटण खट् केलं, की स्वयंपाकघरातल्या सेन्सरचा टपालवालाच गेला. जाळ्याने खरं तर दुसरी वाट शोधायला हवी; पण काही जुने सेन्सर इतके एकनिष्ठ, की पहिल्या टपालवाल्याच्या नावाने बसून राहतात. मग सेन्सर पुन्हा जोडायला जोडणीकर टाचणी घेऊन सिंकखाली पालथा.

त्याने बटणांवर चिकटपट्टी लावली. बोर्ड पुसताना कामाच्या मावशींनी ती सोलून काढली, वर "किती चिकट झालं होतं" म्हणाल्या. मग त्याने प्रत्येक खोलीत एकेक झिगबीचा प्लग खोचला, म्हणजे बल्ब मेला तरी टपाल चालू. हा उपाय खरोखर चांगला. त्यातल्या एकावर आता मिक्सर चालतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग यांनी मिळून आणलेलं मॅटर १.० हे सामाईक मानक बाहेर पडलं, तेव्हा त्याने घरात पेढे वाटले. पण मॅटरची बरीच उपकरणं ज्या थ्रेड नावाच्या जाळ्यावर चालतात, त्याचीही प्रत्येक कंपनीने आधी वेगळी चूल मांडली. ती एक करायची ठरलेली रीत आली सप्टेंबर २०२४ च्या थ्रेड १.४ मध्ये. त्या वेळी पेढे आणायला त्याला कोणी पाठवलं नाही.

परवा मध्यरात्री सिंकखाली खरंच पाणी गळलं. मोबाईल गप्प. आईंना चाहूल लागली, त्या उठल्या, बादली लावली, आणि परत जाताना सवयीने पॅसेजचं बटण बंद केलं.