समान गुण असल्यास

पुसद नाक्यावर, रिसोडच्या बसस्टँडसमोर किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात आयपीएलचा शेवटचा चेंडू पडला, की गर्दीचे दोन भाग होतात. एक फटाके शोधायला जातो, दुसरा शिव्या. मधे एक माणूस तसाच उभा राहतो. कोण जिंकलं यात त्याला फारसा रस नसतो. किती चेंडू राखून जिंकलं, एवढंच त्याला हवं असतं. "सोळा बॉल ठेवून? मंग तं दिल्ली गेली," असं तो जाहीर करतो, आणि ज्या दिल्लीचा त्या दिवशी सामनाच नव्हता, ती दिल्ली खरोखर जाते.

हा आपला रनरेटभाऊ. वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत तो सापडतो. वय पस्तीस ते पन्नास. पाच-सहा एकरांत सोयाबीन आणि तूर, जोडीला कृषी केंद्र नाहीतर पतसंस्थेतली नोकरी. शाळेच्या क्रिकेट संघात तो होता, पण बारावा. पाणी नेऊन दिलं की बाराव्याच्या हाती स्कोअरबुक यायचं. बाकीचे अकरा जण पुढे खेळ विसरले, पोटं सुटली, कामाला लागले. याच्या हातून वही काही सुटली नाही.

त्याची हत्यारं दोन. एक पेन, आणि दुसरी अडत्याकडून आलेली हिशेबपट्टी. पट्टीच्या दर्शनी बाजूला कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. पाठीवर बंगळुरू, चेन्नई, लखनौ. दोन्ही बाजूंचे हिशेब बहुधा त्याच्या विरोधातच जातात, पण पाठीमागचा तो स्वतः करतो. एका हाताने खर्रा घोटणं चालू असतं, पन्नीतली सुपारी आणि तंबाखू एकजीव होईपर्यंत इकडे दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे निघालेले असतात. मोबाइलवर करा म्हटलं तर तो चिडतो. "मोबाइलले काय समजते बे! दहा पॉइंट दोन ओव्हर म्हंजे दहा पूर्णांक दोन नसते. दोन बॉल म्हंजे ओव्हरचा तिसरा हिस्सा. दहा पॉइंट तेहतीसनं भाग. आन् टीम पंधरा ओव्हरात ऑल आउट झाली, तरी भाग पंधरानं नाही द्याचा, वीसनं द्याचा. तिथंच तं लोकं मरते."

लोक तिथे मरतात हे लोकांना माहीत नसतं. ते आपले चहा पीत असतात.

१८ मे २०२४ च्या रात्री मात्र सगळ्या नाक्याला त्याची गरज पडली. बंगळुरूने २१८ केल्या होत्या. चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या, पण २०१ झाल्या तरी हरून प्लेऑफमध्ये जाता येत होतं. शेवटच्या षटकात जिंकायला ३५ आणि हरून पुढे जायला १७, असा दुहेरी मामला. धोनीने पहिल्या चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्यावर तो बाद झाला, आणि चेन्नई १९१ वर थांबली. नाक्यावरची पिवळी जर्सी रडवेली झाली, लाल जर्सी नाचली. मधे रनरेटभाऊ, ब्याण्णव किलोचा, समाधानाने न्हाऊन निघालेला. तो दोन्हींकडचा नव्हता. तो २०१ या आकड्याचा होता.

घरी वहिनींनी विचारलं, "हारले नं?" भाऊ म्हणाले, "हारले. पन हारूनही पुढं जाता येत होतं." वहिनींनी ताट वाढता वाढता म्हटलं, "हारून पुढं जाता येते? मंग आपलं सोयाबीन तं दरसाली हारते. ते काहून पुढं जात नाही?" नेट रनरेटच्या सूत्रात या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळे भाऊंनी मुकाट्याने जेवण केलं.

विदर्भाचा विषय निघाला की भाऊंचा आवाज चढतो. रणजी करंडकात विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो. पहिला करंडक आला २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक. पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्रावर ७८ धावांनी विजय, आदित्य सरवटेचे सामन्यात ११ बळी. हे सगळं भाऊंना पाठ आहे, पण या विजयांवर ते फार रेंगाळत नाहीत. सरळ जिंकलेल्या सामन्यात सांगण्यासारखं काय असतं? त्यांचा लाडका करंडक तिसरा, २०२४-२५ चा. कारण तो सामना अनिर्णित राहिला.

"ड्रॉ झाला तं कप कसा काय भेटला?" असं एखाद्या कॉलेजच्या पोराने विचारण्याची खोटी, भाऊ दोन कट सांगतात. विदर्भ ३७९, केरळ ३४२, पहिल्या डावाची आघाडी ३७, संपला विषय. पण विषय संपवायचा नसतोच. भाऊ मागे जातात. केरळ अंतिम सामन्यात आला कसा? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीर २८०, केरळ २८१. सामना अनिर्णित, आघाडी एका धावेची. उपांत्य फेरीत केरळ ४५७, गुजरात ४५५. आघाडी दोन धावांची. आणि गुजरातचा शेवटचा गडी पडला कसा? फलंदाजाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात जाऊन बसला.

"आउट?" पोरगं विचारतं.

"आउट! २०१७ च्या आधी नॉट आउट होता. नियम बदलला. फील्डरच्या हेल्मेटले लागून आला तरी कॅच धरते आता." मग भाऊ खर्रा तोंडात टाकतात आणि शेवटचा बाण काढतात. "आन् बॉलर कोन होता? आपला सरवटे! विदर्भ सोडून केरळले गेलेला. फायनलमध्ये आपल्याच विरुद्ध ७९ मारले त्यानं."

पोरगं तोवर दुसऱ्या कपाचे पैसे देऊन मोकळं झालेलं असतं. ते जाता जाता एक काडी टाकतं, "पन भाऊ, टीम तं नागपूरवाल्याइची. वाशिमचा कोन हाये त्याच्यात?" ही जखम जुनी आहे. भाऊ म्हणतात, अथर्व तायडे अकोल्याचा, आणि वाशिम १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणजे तायडे आपलाच. पोरगं मोबाइल पाहून सांगतं की तायडे २००० साली जन्मला, जिल्हा फुटल्यावर. भाऊ क्षणभर गप्प होतात आणि मग गाडी अलगद दुसऱ्या रुळावर नेतात. त्याच १ जुलै १९९८ ला नंदुरबारही जिल्हा झाला. मग दोघांत थोरला कोण? वय समान. तालुके मोजा, वाशिमचे सहा, नंदुरबारचेही सहा. पुन्हा टाय. आपापसातला सामना धरावा, तर तो झालेलाच नाही. हा प्रश्न भाऊंनी अजून खुला ठेवला आहे.

फुटबॉलमध्ये भाऊ उशिरा आले. मेस्सीच्या जर्सीतली पोरं रात्री जागायला लागली, तेव्हा हेही खुर्ची घेऊन बसले. गोल कसा होतो याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, गोलफरक कसा काढतात ते त्यांनी विचारून घेतलं. २०१८ च्या विश्वचषकाने त्यांचं सोनं झालं. जपान आणि सेनेगल यांचे गुण समान, गोलफरक समान, केलेले गोल समान, आपापसातला सामना २-२ असा बरोबरीत. शेवटी पिवळी कार्डं मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा, जपान पुढे. पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असूनही शेवटची काही मिनिटं जपानी खेळाडू चेंडू आपसातच इकडून तिकडे ढकलत राहिले. प्रेक्षकांनी हुर्यो केली, मेस्सीवाली पोरं झोपी गेली. भाऊ मात्र खुर्चीच्या टोकावर सरकून बसले होते. फुटबॉलच्या इतिहासात इतका रंगलेला खेळ झालेला नाही, असं त्यांचं आजही मत आहे.

पोरं म्हणतात, भाऊ खेळ पाहतच नाहीत, नियम पाहतात. खरं आहे, पण त्याला कारण आहे. ज्या नियमांवर या माणसाचं पोट चालतं, ते त्याला नेहमी उशिरा कळतात. हमीभावाने सोयाबीन द्यायचं तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. माल घेऊन जावं तर यंत्र तेरा दाखवतं. घरी आणून वाळवावा, तोवर पैशांची निकड, म्हणून मिळेल त्या भावाने विकावा. २०२४ च्या नोव्हेंबरात ही मर्यादा पंधरा टक्के झाली, तेव्हा भाऊंचा माल विकून झाला होता. खेळात असं होत नाही. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या १५. मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, करंडक इंग्लंडला. सगळं जग हळहळलं. भाऊ नाही हळहळले. "नियम भंगार होता, मान्य. पन आधी छापेल होता नं? दोघाइले ठाव होता नं? मंग झालं." त्याच वर्षी तो नियम रद्द झाला, तोही पुढच्यांसाठी. झालेल्या सामन्याला कोणी हात लावला नाही. भाऊंना एवढाच न्याय पुरतो.

छापलेला नियम कोणी वाचलाच नाही, तर मात्र त्यांना सहन होत नाही. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर. श्रीलंकेच्या २९१. अफगाणिस्तानला आशिया चषकात पुढे जायला ३७.१ षटकांत २९२ हव्या होत्या. नेमक्या त्या चेंडूवर मुजीब बाद झाला, धावा २८९. राशिद खान समोरच्या टोकाला हताश, सगळ्यांना वाटलं आता गणित संपलं. ते संपलं नव्हतं. पुढच्या तीन चेंडूंत एक षटकार बसून २९५ झाल्या असत्या तरी चाललं असतं. फारुकीने दोन चेंडू नुसते अडवले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला. हे गणित आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, असं प्रशिक्षक ट्रॉट नंतर म्हणाले. ही हकिगत सांगताना भाऊंचा गळा दाटतो. "एवढा मोठा देश, राजेहो, आन् एक मानूस हिशेबपट्टी घेऊन बसेल नव्हता तिथं!"

गावच्या कबड्डी स्पर्धेत म्हणूनच भाऊ निमंत्रण नसताना पंचांच्या टेबलाजवळ बसतात. अंतिम सामना बरोबरीत सुटतो. मैदानाला लावलेले हॅलोजन भकाभका पेटलेले, आणि मंचावरच्या पुढाऱ्यांना दुसऱ्या गावचा कार्यक्रम गाठायचा असतो. "दोघाइले अर्धं अर्धं द्या आन् मोकळे व्हा," असं मंचावरून येतं. पण पहिलं बक्षीस एका पुढाऱ्यातर्फे, दुसरं त्याच्या विरोधकातर्फे. अर्धं अर्धं केलं तर कोणत्या ढालीसोबत कोणाचा फोटो, यावर मंडळात खल सुरू होतो. भाऊ माइक हातात घेतात आणि पाच-पाच चढायांचा नियम सांगतात. बोनस रेषेचा बारकावा, कोण कोणत्या क्रमाने चढाई करणार त्याची आधी द्यायची यादी, त्यातही बरोबरी झाली तर सुवर्ण चढाई. सांगून होईपर्यंत पुढारी गेलेले असतात आणि सामना नियमाने निकाली निघतो. ढाल सरपंचांच्या हस्ते. भाऊंना नारळ मिळतो.

त्यांचा खरा दुश्मन एकच, ग्रामपंचायत निवडणूक. दोन उमेदवारांना समान मतं पडली की तहसीलमध्ये ईश्वरचिठ्ठी काढतात. एखादं लहान लेकरू बोलावतात, ते बरणीत हात घालतं, निकाल लागतो. भाऊ कासावीस होतात. फुटबॉलमध्येही चिठ्ठ्या असतात, हे त्यांना मान्य आहे. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचा दुसरा-तिसरा क्रमांक चिठ्ठीनेच ठरला होता. "पन कधी? पॉइंट, गोलफरक, गोल, आपसातली मॅच, समदं सारखं झाल्यावर! इथं पयल्याच पायरीवर चिठ्ठी? कोन्या वार्डात आघाडी होती ते पाहा, मागच्या इलेक्शनची मतं पाहा. काहीतरी पाहा!"

वर्षभर त्यांच्यावर हसणारा गाव अशा वेळी त्यांच्या दाराशी येतो. चिठ्ठीत हरलेला उमेदवार रात्री दहाला चपला बाहेर काढून ओट्यावर टेकतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, काही होऊ शकते का आता?"

भाऊ चष्मा लावतात, हिशेबपट्टी उलटी करतात. "होऊ शकते नं. फेरमोजनी माग. तीन अटी हाये. पयली, त्याचं एक मत बाद निंघालं पाह्यजे. दुसरी, तुयं एकही बाद निंघालं नाही पाह्यजे..." उमेदवाराला एवढ्यानेच धीर येतो. वहिनींनी आणलेला चहा एका घोटात संपवून तो उठतो, फटफटीला किक मारतो आणि वकिलाकडे सुटतो.

भाऊ चपला न घालताच त्याच्या मागे धावतात, "अबे थांब! तिसरी आईक पयले! नियमच नाही तसा, पन आईक तं!"