हवा पलसाण्याला बघू

गाडी घेतलीत, छान झालं. सेकंडहँड आहे, छोटी आहे, सीएनजीचा सिलिंडर अर्धी डिकी खाऊन बसलाय, यातलं काही आम्ही विचारणार नाही. सुरतेत येऊन इतकी वर्षं लूमवर उभं राहिल्यावर माणसाने एवढी हौस करायची नाही तर केव्हा? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोली इथला निम्मा खानदेश गावाकडे निघेल, आणि सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांत यंदा तुम्ही नसाल.

रस्ता सरळ आहे. सचिन, पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री, की आलं धुळं. गाडी चालवायला तुम्ही शिकलाच आहात. राहिली टायरमधली हवा. तीही अवघड नाही. हवा बरोबर असण्याची गरज नसते. ती बघितली आहे, असं गाडीतल्या सगळ्यांना वाटलं की झालं. खालच्या पायऱ्या क्रमाने करा.

१. 'पस्तीस' म्हणायला शिका

हवा भरणारा पोरगा 'केटली नाखूं?' विचारेल. डोळ्याची पापणी न हलवता 'पांत्रीस' म्हणा. अल्टो असो, वॅगनआर असो, शेजाऱ्याची उसनी आणलेली सेडान असो, पस्तीस. पुढच्यांना पस्तीस, मागच्यांना पस्तीस. चाचरलात तर तो तुम्हाला नवखे समजेल आणि विनाकारण गेजकडे नीट बघेल.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. चेसिस नंबरबिंबर काहीतरी असेल म्हणून तुम्ही तो रोज बघून सोडून देता. ही सवय मोडू नका. त्यावर नेमका तुमच्याच गाडीचा आकडा असतो, पुढच्या चाकांचा आणि मागच्या चाकांचा. बऱ्याच गाड्यांवर तर दोन रकाने असतात, एक दोघातिघांसाठी आणि दुसरा भरल्या गाडीसाठी. छोट्या गाडीचा आकडा साधारण ३०-३३ पीएसआयच्या आसपास घुटमळतो. आता गाडी ज्यांनी बनवली त्यांना जास्त कळतं की हवा भरणाऱ्या पोराला, हे तुमचं तुम्ही ठरवा.

ज्यांना आणखी पुढे अभ्यास करायचा आहे त्यांनी टायरच्या अंगावर कोरलेला आकडा वाचावा. हा टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल ते तिथे लिहिलेलं असतं. तेवढी हवा भरून टाका. लिफ्टमध्ये 'सहा माणसं' लिहिलेलं असलं की आपण नाही का सहावा येईपर्यंत दार धरून उभे राहत.

२. लाथ मारा

टायर तपासायचं सर्वमान्य साधन म्हणजे उजवा पाय. चपलेने हलकी लाथ मारायची, 'ठप्' असा आवाज ऐकायचा, आणि मान डोलवायची. मान डोलवणं विसरू नका, घरच्यांचं लक्ष तिकडे असतं. डनलॉप नावाच्या गृहस्थाने १८८८ साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला. तो व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता. टायर थोपटून बघण्याची चाल त्याच्याकडूनच आली असावी, असं आमचं संशोधन आहे.

रेडिअल टायरची बाजू थोडी फुगलेलीच दिसते, हवा बरोबर असली तरी. ३३ पीएसआयचा टायर आणि २५चा टायर शेजारी ठेवले तर नुसत्या नजरेला फरक कळेलच असं नाही. म्हणूनच नजर हे उत्तम साधन आहे: ती कधीच वाईट बातमी देत नाही.

निघताना चारही चाकांखाली लिंबू ठेवता ना? मग वाकून चारही चाकं बघितलीच गेली. वेगळी तपासणी कशाला.

३. दाबाचा अभ्यास भलतीकडे करा

तुम्हाला दाबातलं काही कळत नाही, असं कोणी म्हणू नये. सीएनजीच्या रांगेत तुम्ही पाऊण तास उभे राहता, नोझल लागलं की खाली उतरून मीटरवर डोळे लावता, आणि काटा १८०वर थांबला तर पंपवाल्याशी हुज्जत घालता. 'दोनशे पाहिजे, दोनशे! काल कडोदऱ्याला पूर्ण दोनशे आलं होतं.' कुठल्या पंपावर पहाटे किती प्रेशर येतं आणि संध्याकाळी किती पडतं, हे तुम्हाला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे.

अभ्यास असाच पाहिजे. फक्त तो सिलिंडरपुरता ठेवा. तिथे दाब २०० बार असतो, टायरमध्ये जेमतेम सव्वादोन. दोनशेचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने सव्वादोन बारच्या मागे लागावं, हे शोभत नाही. गाडीतली माणसं सिलिंडरवर चालत नसून चार टायरांवर चालली आहेत, असले मुद्दे कोणी काढले तर रांग पुढे सरकल्याचं निमित्त करा.

४. हवा घरी बघू नका. पलसाण्याला बघा

ही मुख्य पायरी. नीट वाचा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे साडेपाचपर्यंत गाडी रात्रभर उभी असते. टायर थंड असतात. दारावरचा आकडा याच थंड टायरसाठी असतो: निदान तीन तास उभी असलेली, नाहीतर फार तर दोन किलोमीटर चाललेली गाडी. म्हणजे हवा बघायला याहून चांगली वेळ नाही. अशा वेळी बायकोने 'हवा बघितली का?' विचारलं तर एकच उत्तर द्यायचं: 'पलसाण्याला बघू.'

पलसाणाच का? कारण तिथे मोठ्या लोकांत उभं राहायला मिळतं. मुंबई-अहमदाबादचा ४८ नंबरचा हायवे आणि हजिऱ्याहून निघून पार ओडिशात पारादीपला जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही इथल्या चोकडीवर भेटतात. कापडाच्या गाठींनी फुगलेले ट्रक, चलथानच्या कारखान्याकडे जाणारा ऊस, हजिऱ्याचे ट्रेलर, आणि रस्त्याकडेला टायरच्या उतरंडी लावलेली दुकानं. काँप्रेसर धडधडत असतो. अशा दुकानात तुमची अल्टो दोन ट्रेलरांच्या मधे शिरते, तेव्हा मागच्या सीटवरच्या पोरांच्या डोळ्यांत बापाबद्दल जो आदर दिसतो तो पार्किंगमध्ये दिसत नाही.

ट्रकच्या टायरात शंभराच्या वर दाब असतो, त्यामुळे तिथला गेजही त्या मापाचा. तुमच्या तेहतिसाला काटा नुसता हलतो आणि पुन्हा बसतो. पोरगा म्हणतो, 'बराबर छे.' मग तो बोटाला थुंकी लावतो, वॉल्व्हच्या तोंडावर पुसतो आणि खाली वाकून बघत बसतो. थुंकीचा पापुद्रा फुगला नाही, की वॉल्व्ह गळत नाही. या सबंध प्रवासात तुमच्या टायरची झालेली ही एकमेव शास्त्रीय तपासणी, म्हणून त्याला वर दहा रुपये द्या.

आता गणित. घरापासून पलसाण्यापर्यंत भरल्या गाडीने, वैशाखाच्या तोंडावर आल्याने टायर तापलेले असतात. हवा तापली की दाब वाढतो. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय, आणि हायवेवर पळालेला टायर सहज चार पीएसआय वर दाखवतो. समजा, चुकूनमाकून घरी तुमच्या टायरात बरोबर ३३ होते. चोकडीवर ते ३७ दिसतील. 'गरमी छे, थोडी काढी नाखूं?' असं विचारलं जाईल. 'हो' म्हणा. ३३वर आणा. उद्या सकाळी मामांच्या अंगणात टायर थंड झाले की राहतील २९.

किंवा समजा, घरून निघतानाच २९ होते. चोकडीवर दिसतील ३३. 'बराबर छे.' पैसे द्या आणि निघा. उद्या सकाळी २९.

या पद्धतीचं सौंदर्य इथे आहे. निष्काळजी माणूस आणि काळजी घेणारा माणूस, दोघेही पलसाण्याहून एकाच आकड्यावर पोहोचतात.

(तापलेल्या टायरातली हवा कधी काढू नये, कमी वाटली तर चार जास्त धरून भरावी आणि सकाळी थंडपणी पुन्हा मोजावी, असं काही जण सांगतात. त्यांना आखाजीला कोणी बोलावत नाही.)

आणि हो, पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं पंपवाल्यांवर बंधनकारक आहे. म्हणून पंपावर जाऊ नका. फुकटच्या हवेवर घरच्यांचा विश्वास बसत नाही.

५. हिरव्या टोप्या घ्या

नायट्रोजन भरलेल्या टायरच्या वॉल्व्हला हिरवी टोपी घालतात. नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू झिरपतो, एवढा त्याचा खरा गुण. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही. सुज्ञ माणूस नुसत्या टोप्या विकत घेतो. चार हिरव्या टोप्या लावलेल्या गाडीला कोणी लाथसुद्धा मारून बघत नाही.

६. गाडी भरा

इथे हात आखडता घेऊ नका. माहेरी निघालेली सासुरवाशीण रिकाम्या हाताने गेली तर गौराईसमोर झोका घेताना तिला काय वाटेल? साड्यांचा गठ्ठा, नानखटाईचे डबे, मामांसाठी टेबलफॅन. पुढे आत्या, मागे तीन मोठी माणसं, मांडीवर दोन लहान. कॅरिअरवर बॅगा आणि त्यावर ताडपत्री. सीएनजीचा सिलिंडर मागे आहेच, त्याला मोजायचं नसतं, तो घरचा माणूस.

भरल्या गाडीचा रकाना म्हणतो, मागच्या चाकांत हवा वाढवा. तुम्ही २९वर आहात. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते, दुमडते आणि सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा, आणि त्यातून आतल्या आत उष्णता तयार होते. बाहेर साक्रीकडचं ऊन, खाली तापलेला डांबरी रस्ता. टायर फुटतो तो बहुधा खिळ्याने नाही, या दुमडण्याने. समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या आल्या, की आपण सिमेंटच्या रस्त्याला नावं ठेवतो. रस्ता बोलत नाही, त्यामुळे हे सोपं जातं.

कोंडाईबारीच्या चढावर गाडी जड वाटू लागली, तर मागून काका म्हणतील, 'काही व्हत नही, भो.' काकांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली आहे आणि तिच्या चाकाला लोखंडी धाव होती. त्यांचं ऐका.

७. लक्षणं दुसऱ्यांच्या नावावर टाका

ॲव्हरेज पडलं? गॅसमध्ये भेसळ. स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय? कालच तुमच्या मेव्हण्याने गाडी चालवली होती.

टायरच्या दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कमी राहिली, आणि मधलाच पट्टा घासला असेल तर जास्त, असं टायर स्वतः सांगत असतो. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, टायर गोटा झाला. बाजूवर चार आकडे असतात, समजा १५१९, म्हणजे २०१९ सालचा पंधरावा आठवडा. म्हणजे तुमच्या टायरची जन्मतारीख त्याच्याच अंगावर लिहिलेली आहे. मुलीचं स्थळ बघताना एवढी लेखी माहिती मिळत नाही. तरी ती वाचायची नाही. घेतानाच नवे म्हणून सांगितले होते, आता कशाला कोणाचं मन दुखवा.

८. स्टेपनी

स्टेपनी आहे. ती सिलिंडरच्या आड, बॅगांच्या खाली कुठेतरी आहे. मागच्या मालकानेही ती बघितली नव्हती. तिच्यात हवा किती, हा प्रश्न देव आहे की नाही याच जातीचा आहे, आणि नवापूरच्या पुढे भर उन्हात, ताडपत्री सोडून, आत्याला झाडाखाली बसवून त्याचा निकाल लागतो. २०२०पासून नियमही सैल झाला: ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तुमच्याकडे या तिन्हींपैकी पहिली वस्तू आहे. तेहतीस टक्क्यांना गुजरातेत दहावीतही पास करतात, मग हायवेवर कोण बघतंय.

९. परतताना

खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन माणसं जड झालेली असतात. शिवाय बिबडे, कुरडया, पापड, डांगराचं पीठ, गव्हाचं पोतं. जाताना होतं त्याहून ओझं जास्त आणि टायर तेच. सुरतेला पोचलात की टायरचा विषय दिवाळीपर्यंत बंद. चांगल्या टायरातूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते. सहा महिन्यांत २९चे २३. मधल्या पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घसरली, तर ते महापालिकेच्या खात्यात जमा करा.

१०. गेजवाल्या माणसापासून सावध

प्रत्येक सोसायटीत एक असतो. स्वतःच्या खिशातून दोन-चारशे रुपयांचा गेज घेतलेला, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी सहाला पार्किंगमध्ये बनियनवर उकिडवा बसलेला, दारावरचा स्टिकर वाचून वहीत चार आकडे लिहिणारा. त्याला पाच मिनिटं लागतात. त्याची बायको त्याच्याबरोबर बिनघोर गावाला जाते, आणि तुमची ते बघते.

भांडू नका. आखाजीच्या आदल्या रात्री त्याच्याकडे जा, गोड बोला, गेज मागून आणा. परत देऊ नका.